वाळवणातलं सर्किट

उजेडाकडे इतक्या संशयानं पाहणारा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये माझ्या बायकोच्या मामांखेरीज दुसरा नसेल. मामा राहतात तळवड्यात आणि चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत. बाजारात तयार मिळणारी कुठलीही वस्तू त्यांना स्वतःचा अपमान वाटते. मामींना हल्ली फार कमी ऐकू येतं. बेल कळत नाही, म्हणून मामांची शिफ्ट सुटायच्या आधीपासून त्या गॅलरीत उभ्या असतात. त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांना हा त्रास नको, बेल दाबली की स्वयंपाकघरात दिवा लुकलुकावा, असं सर्किट मामांनी घरीच करायला घेतलं. "तयार मिळतं की मामा," मी म्हणालो. "मिळतंय की! बायको माझी, आन् दिवा दुसऱ्यानं केलेला व्हय?"

तांब्याच्या पाटीवर निळी फिल्म चिकटवायची, वर सर्किटचा नकाशा ठेवायचा आणि अतिनील प्रकाश दाखवायचा. उजेड लागेल तिथली फिल्म घट्ट होते, बाकीची धुऊन जाते. पण हा प्रकाश आणायचा कुठून? दिसेल त्या दिव्यात तो असेल, असा मामांना संशय येऊ लागला. पहिली धाड माझ्या घरावर पडली. बायकोचा नेलपॉलिश वाळवायचा दिवा मामांनी नेला. पाटी त्यात अर्धीच मावली, त्यामुळे सर्किटही अर्धंच उमटलं. मग मिठाईवाल्याला गळ घालून त्याच्या माश्या मारायच्या दिव्याखाली पाटी ठेवली. नकाशा झकास उमटला, सोबत तीन माश्याही उमटल्या. मामा भिंगातून बघत म्हणाले, "राव, ही तार न्हाई, हा पाय हाय!"

शेवटी ऊन. गच्चीवर मामींच्या कुरडयांशेजारी पाटी ठेवून मामा घड्याळ आणायला खाली गेले. तेवढ्यात मामींनी वाळवण उलटलं आणि हातासरशी पाटीही उलटली. "एकाच अंगानं किती वाळवायचं?" असं वर त्यांनीच विचारलं. दुसऱ्या पाटीला मात्र मामा स्वतः राखणीला बसले.

आणि दिवा लागला! त्या दिवशी मामा उगाचच बाहेर जाऊन बेल दाबत राहिले. दार उघडून उघडून मामी दमल्या.

परवा मी गेलो, तर मामी पुन्हा गॅलरीत. खाली कंपनीची बस थांबली. मामा उतरले, सवयीनं वर बघून हसले आणि जिना चढून आल्यावर मात्र चिडले. दिवा बिघडला का, असं त्यांनी खुणेनंच विचारलं.

"न्हाई वो, चांगला लागतोय," मामी म्हणाल्या. "पर तुमी बसमधनं उतरताना त्यात दिसत न्हाई."

दार उघडंच होतं, तरी मामांनी एकदा बेल दाबली. रिकाम्या स्वयंपाकघरात दिवा लुकलुकला.