बन्सीधरची रिकामी फेरी

बोरीत बन्सीधरच्या पिकअपचा आवाज कुणाला फारसा ऐकू यायचा नाही, आणि याचा त्याला भारी अभिमान होता. सहा वस्त्यांवरचं दूध कॅनमध्ये भरून शीतकरण केंद्रावर पोचवायचं, हे त्याचं काम. गाडी अशी हाकायचा की शेजारी झोपलेलं लेकरू उठू नये. गाडी सुटली की तिसरा विजेचा खांब यायच्या आत वरचा गिअर पडलेला असायचा. उतार दिसला की पाय वर. विशीत तो परभणीच्या एका उस्तादाकडे क्लीनर होता, आणि इंजिनाला रडवू नकोस एवढं एकच त्या उस्तादानं त्याला शिकवलं होतं. बन्सीधरनं ते तीस-पस्तीस वर्षं मनापासून पाळलं.

दुसरा नियम त्याचा स्वतःचा. कामाशिवाय गाडी हलवायची नाही. लग्न असो, दवाखाना असो, घरच्यांनी एसटी धरायची. त्याची बायको दगडाबाई जिंतूरच्या बहिणीकडे जायची तीही एसटीनंच. एवढ्या वर्षांच्या संसारात ती नवऱ्याच्या गाडीत एकदाही बसलेली नव्हती. यात शिस्त किती आणि चिक्कूपणा किती, हे बन्सीधरला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

जुनी पिकअप थकली तेव्हा त्यानं नवी घेतली. नवीला धूर म्हणून नव्हता. तिसऱ्या महिन्यात मात्र समोरच्या काचेखाली एक पिवळा दिवा लागला आणि विझायचं नाव घेईना. गाडी तर नीट चालत होती. बन्सीधरनं दगडाबाईकडून एक टिकली मागून घेतली आणि दिव्यावर चिकटवली. दिवा दिसायचा बंद झाला, चिंता मिटली. कधीकधी वस्तीवर उभी असताना गाडी आपली आपणच घुरघुरायला लागायची, मागून गरम वाफारा यायचा. ही फुकटचं डिझेल खायला लागली म्हणून तो लगेच चावी फिरवून तिला गप्प करायचा. असं दोन महिने तो गाडीचं भलं करत राहिला.

वैशाखात एका सकाळी भरल्या कॅनसकट गाडीचा जीवच गेला. इंजिन चालू, पण पळेना. सायकलवाले पुढे जायला लागले. दूध केंद्रावर दीड तास उशिरा पोचलं, तोवर ते नासलं होतं, आणि केंद्रानं सगळे कॅन परत केले. ते घेऊन बन्सीधर पुन्हा सहा वस्त्यांवर फिरला. बायांनी झाकणं उघडली, बोट बुडवून जिभेला लावलं आणि काही न बोलता कॅन आत नेले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. केंद्राच्या मॅनेजरनं सांगून टाकलं, की पुन्हा असं झालं तर ही लाईन दुसऱ्याला देणार. छप्पन्नाव्या वर्षी बन्सीधरला दुसरं काही येतही नव्हतं.

परभणीच्या शोरूममध्ये राजेश्री नावाची आयटीआय झालेली मुलगी होती. तिनं आधी टिकली काढली, हसू दाबलं आणि गाडीला कॉम्प्युटर जोडला. मग तिनं समजावलं. सायलेन्सरच्या अलीकडे एक डबा असतो, त्यात जाळी असते, डिझेलची काजळी त्या जाळीत अडकते. जाळी भरत आली की गाडी ती काजळी आपणच जाळून टाकते. पण जाळायला उष्णता लागते आणि उष्णता यायला गाडी पळावी लागते. बन्सीधरची गाडी किलोमीटरला एकदा थांबणारी. त्यातून ती उभ्या उभ्या जाळायला लागली की हा चावी फिरवणार.

"मामा, गाडीत काईच बिघाड न्हाई," राजेश्री म्हणाली. "तुमचा हातच लय हलका हाय. आता मी जाळी साफ करून देते. पण आठवड्यातून एकदा, न्हाईतर दिवा लागला की, अर्धा तास साठच्या पुढं पळवा. एक गिअर खाली ठेवून, मधी न थांबता. रिकामी असली तरी चालंल."

रिकामी हा शब्द बन्सीधरला लागला. हात हलका आहे हा ठपका तर त्याहून जास्त. पोरीनं बाकीचंही लपवलं नाही. जास्तीचं डिझेल जाणार, ऑइल लवकर बदलावं लागणार, आणि गावातल्या गावात फिरणाऱ्याला या गाडीचा तापच आहे, हे ती मोकळेपणानं बोलली. मग बसवलीच कशाला ही जाळी, असं त्यानं विचारलं. तिनं एवढंच सांगितलं, की जी काजळी आता डब्यात बसते ती पूर्वी बाहेर जायची.

घरी येताना हे त्याच्या डोक्यातून जाईना. जुन्या गाडीचा सेल्फ धड नव्हता, बंद केली की पुन्हा लवकर सुरू व्हायची नाही, म्हणून वस्तीवर ती चालूच असायची. बाया नाकाला पदर लावून त्या धुरात उभ्या राहायच्या आणि कॅन वर चढवायच्या. कित्येक वर्षं. त्याला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण वाईट वाटून दूध वेळेवर पोचत नाही.

रिकामी गाडी त्यानं पळवली नाहीच, आणि नवव्या दिवशी दिवा पुन्हा लागला. बन्सीधर तडक स्टँडजवळच्या नागेश मिस्त्रीकडे गेला. नागेशचा उपाय सोपा होता. डबा कापायचा, जाळी काढून टाकायची, वरून वेल्डिंग मारायचं आणि गाडीच्या कॉम्प्युटरचं तोंड बंद करायचं. गॅरंटी जाईल, धूर येईल, पण दिवा जन्मात लागणार नाही. आजूबाजूच्या कितीतरी गाड्यांचं त्यानं हेच केलं होतं. सोमवार ठरला. लाईन वाचली म्हणून बन्सीधरचा जीव भांड्यात पडला.

पण मध्ये रविवार होता आणि सोमवारच्या सकाळचं दूध होतं. तेवढ्यात दगा नको म्हणून एकदा गाडी पळवून आणायचं त्यानं ठरवलं. आता रिकाम्या गाडीनं निघालं की गाव विचारणार, कुठं निघालात. सांगायला काहीतरी निमित्त हवं. म्हणून त्यानं दगडाबाईला म्हटलं, चल, जिंतूरला बहिणीला भेटून येऊ. याला ताप तर नाही ना, अशा नजरेनं तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग आत जाऊन ठेवणीतलं लुगडं नेसून आली आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून पुढच्या सीटवर बसली.

रस्त्याला लागल्यावर बन्सीधरनं गिअर खाली टाकला आणि पाय दाबला. इंजिन ओरडायला लागलं. उस्ताद आठवला, तरी त्यानं पाय उचलला नाही.

"आवो, ही एवढी पळती व्हय?" दगडाबाई म्हणाली. "मला वाटायचं, तुमाला हळूच चालवता येती."

वाटेत देऊळ आलं, तिनं चालत्या गाडीतून हात जोडले. रसवंती आली, तिनं नुसतं बघितलं, कारण थांबायचं नाही हे तिला सांगितलेलं होतं. मग ती बोलायला लागली. इंजिनाच्या आवाजामुळे मोठ्यानं बोलावं लागत होतं. घरात सून, दारात शेजार, असं मोठ्यानं बोलायची सवय तिला कुठली. बहिणीच्या गुडघ्याचं झालं, पुण्यातल्या धाकट्या लेकाचं झालं. मग मधेच म्हणाली, "घर बांधलं त्या साली मी आजारी पडले व्हते बघा. दवाखान्याला जायला एसटीत उभी व्हते. तुमची गाडी बाजूनं गेली. मी खिडकीतून हात केला. तुमचं ध्यान रस्त्यावर व्हतं."

तक्रार नव्हती त्यात. जशी बहिणीच्या गुडघ्याची गोष्ट, तशीच ही.  बन्सीधरनं पाय तसाच दाबून धरला. पुढे बऱ्याच वेळानं तिनंच दाखवलं, की दिवा विझलाय.

सोमवारी सकाळी त्यानं नागेशला फोन करून जाळी राहू दे म्हणून सांगितलं. कुणी डोक्यात भरवलं, असं नागेशनं विचारलं. आजकाल तपासणी लय कडक हाय, असं बन्सीधर म्हणाला. खरं कारण मिस्त्रीला सांगण्यासारखं नव्हतं.

तेव्हापासून दिवा लागला की येणारा रविवार ठरून गेला. कधी जिंतूर, कधी येलदरीच्या धरणापर्यंत. डिझेल जास्त जातं आणि त्याचा बन्सीधरला अजूनही त्रास होतो, तो काही एका रात्रीत बदललेला नाही. गावानं चिडवून घेतलं आणि गाव थकलं. दूध एकदाही उशिरा पोचलं नाही.

गेल्या रविवारी तो वस्त्या करून आला. आठवडाभर गाडी चांगली चालली होती. दगडाबाईची भांडी घासून झाली होती. ती वेणीफणी करून पायरीवर बसली होती.

"लागला का दिवा?" तिनं विचारलं, त्याच्याकडे न बघता.

बन्सीधरनं खिडकीतून आत वाकून पाहिलं. काचेखाली एकही दिवा नव्हता.

"लागलाय," तो म्हणाला. "चल, बस."