नऊ चौकटींतली लाल रेघ

पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत. तिच्याहून वयाने मोठे साहेबसुद्धा. एकवीस वर्षं बाटल्यांची पेटी उचलून तिचा उजवा खांदा कामातून गेला होता. शहराला पाणी देणाऱ्या टाक्या नऊ. सातव्या टाकीच्या पाण्यात शिसं वाढतंय, हे तिने तीन अहवालांत आकड्यांनिशी लिहिलं. अहवाल कपाटात गेले. आकडे कोण वाचतो? म्हणून या वयात ती संगणकावर पायथन भाषेत आलेख काढायला शिकली, लेकीकडून, फोनवर.

एका पानावर नऊ चौकटी, दर टाकीला एक, आणि प्रत्येकीत तीच लाल रेघ: शिसं याच्या वर गेलं तर ते पाणी पिऊ नये. पहिल्या खेपेला नऊही लाल रेघा शेवटच्या चौकटीत एकीवर एक जाऊन बसल्या. बाकी आठ चौकटी रेघेवाचून.

"अगं आई, नुसतं 'काढ' म्हटलंस तर पायथन शेवटच्या चौकटीतच काढणार. लूप लाव, म्हणजे तीच ओळ नऊ वेळा फिरेल, आणि प्रत्येक चौकटीला वेगळं सांग."

"म्हणजे तुझ्या बाबांसारखंच. नाव घेऊन सांगितल्याशिवाय इकडची काडी तिकडे नाही."

दुपारी पान छापून आलं. आठ चौकटींत टाकीतल्या शिशाची निळी रेघ लाल रेघेखाली मुकाट पडून होती. सातवीत निळी रेघ लाल रेघेच्या वर गेली होती. साहेबांनी पान लांब धरलं, मग जवळ.

"ताई, उद्या पालिकेच्या सभेत हे सगळ्यांपुढे जाणार. सातवीतली लाल रेघ तेवढी काढून टाका. उगाच बोभाटा नको."

ती खुर्चीत बसली. भांडायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"एकच ओळ नऊ वेळा फिरते, साहेब. काढली तर नऊही जातील."

साहेबांनी टेबलाकडे पाहिलं. मर्यादेची रेघ नसलेला आलेख सभा स्वीकारणार नाही, असं पत्र त्यांच्याच टेबलावर होतं.

"तुम्हाला जमत नाही, की संगणकाला?"

"दोघांनाही नाही."

सातवी चौकट वगळायला एक ओळ पुरली असती. लेकीने ती पहिल्याच आठवड्यात शिकवली होती.

साहेबांनी चडफडत सही ठोकली. तिने सभेसाठी प्रती काढायला लावल्या आणि छपाई होईपर्यंत टेबलावर डोकं टेकलं.