जिन्यात दिलेलं वाण

मुलांनो, तुमच्या शाळेत लावलेल्या कादंबरीबद्दल तुम्ही फोनवर विचारलंत. भर कोर्टात खरं काय ते उघड दिसत असूनही गोरे पंच काळ्या माणसाला दोषी ठरवतात, ती. "आजी, व्हाय डिडन्ट एनीवन स्पीक अप?" कॉलेजात वर्षानुवर्षं मी तीच शिकवली, तरी उत्तर देता आलं नाही. त्याचं कारण आमच्या शारजाच्या इमारतीत घडलं. क्रमाने लिहिते.

संक्रांतीनंतर आपल्या घरी हळदीकुंकू होतं. वाण म्हणून कुंकवाचे लहान चांदीचे करंडे आणले होते. इमारतीची साफसफाई करणारी आफ्रिकन बाई दोन वर्षं रोज मला हात धरून लिफ्टपर्यंत न्यायची. "ममा, स्लोली," म्हणायची. तिलाही एक करंडा द्यावा असं मनात होतं. पण हॉलमध्ये आपल्या पंधरा बायका बसल्या होत्या. तिला त्यांच्यात बसवायचा मला धीर झाला नाही. मागच्या जिन्यात जाऊन मी करंडा तिच्या हातात ठेवला आणि लगेच आत आले.

दुसऱ्या दिवशी समोरच्या शेजारणीला तिचा करंडा सापडेना. साफसफाईच्या त्या बाईच्या पिशवीत एक निघाला.

कळल्याबरोबर मी खालच्या ऑफिसात गेले. ती भिंतीपाशी उभी होती. मला पाहून तिच्या जिवात जीव आला. "ममा, टेल देम."

"हा मी दिलाय तिला," मी म्हणाले.

शेजारीण हसली. "काकू, तुम्ही पण ना! किती भोळ्या! वाण दिलं असतंत, तर आत बोलावून कुंकू नसतं लावलंत? आम्ही सगळ्या तिथेच होतो की."

सुपरवायझरने विचारलं, "मॅडम, किसी ने देखा?"

कोणी पाहू नये म्हणूनच तर जिन्यात दिलं होतं. "तुम्हा सगळ्यांसमोर तिला आत घ्यायची मला लाज वाटली," एवढंच बोलायचं होतं. ते ओठांवर आलं, पण मी म्हणाले, "गडबडीत होते हो."

"जाने दो मॅडम, आपका दिल बड़ा है." त्याने तिच्या गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं. ती माझ्याकडे पाहत राहिली. मीच मान खाली घातली.

दोन दिवसांनी मी खरं कारण कागदावर लिहून, सही करून घेऊन गेले. सुपरवायझरने कागद वाचलासुद्धा नाही. "खलास, मॅडम. घर भेज दिया, उसके मुल्क."

मग तिच्या कंपनीत फोन केला. नाव सांगितलं. पलीकडची मुलगी म्हणाली, या नावाच्या आमच्याकडे तिघी होत्या, तुमची कोणत्या देशाची?

मला माहीत नव्हतं. दोन वर्षांत मी तिला कधी विचारलंच नव्हतं.