मोठीमायचं बंद पोतं

आधी मोठीमायचं सांगते, मग माझं. गोंदियात मला उभं केलं ते तिनं. ती माझ्या नात्यातली नव्हती, जातीतली नव्हती, बोलीतलीसुद्धा नव्हती. साठीच्या पुढची विधवा बाई, बौद्ध मोहल्ल्यात राहायची. भंगार गोळा करून तिनं तीन पोरींची लग्नं केली होती. सारा मोहल्ला तिला मोठीमाय म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले. आज आम्ही नवरा-बायको दोन वेळा जेवतो ते तिच्यामुळं. हे पहिल्यांदा लिहून ठेवते, कारण पुढं जे लिहायचंय त्यात माझं तोंड काळं आहे.

मी परभणीकडची. आठवीत शाळा सुटली, सोळाव्या वर्षी लग्न झालं. नवरा डांबरी रस्त्याच्या कामावर होता, ते काम आम्हाला हाकत हाकत पार गोंदिया जिल्ह्यातल्या कोहमाऱ्यापर्यंत घेऊन आलं. तिथल्या एका ढाब्यामागच्या मोकळ्या जागेत आमचे तंबू होते. दोन हजार सहा-सातचा सुमार असेल. एके दिवशी ट्रकमधून उतरवताना डांबराचं भरलेलं पिंप नवऱ्याच्या पायावर आलं. मुकादमानं आम्हाला जीपमध्ये घालून गोंदियाच्या दवाखान्यापाशी सोडलं, "दोन दिवसांनी येतो" म्हणाला, आणि गेला तो गेलाच. पाठोपाठ टोळीही पुढच्या कामाला निघून गेली. परत जायचं तर कशाच्या जोरावर? पाय प्लास्टरमध्ये, डॉक्टर म्हणाले सहा महिने तरी भार द्यायचा नाही. मोहल्ल्याच्या कडेला एक खोली मिळाली. मी दारात बसून रडायची. तिसऱ्या का चौथ्या दिवशी समोरून जाणारी एक बाई थांबली. डोक्यावर पोतं, हातात पक्कड.

"काऊन रडून राहिली वो?"

मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नवऱ्याचा पाय मोडला. तुहे हात तं नाई मोडले ना? उद्या सकारी चाल माह्यासंग."

तिच्यासंगं गेले. पहिले आठ दिवस मला ओरडताच आलं नाही. गल्लीत शिरलं की 'भंगाऽऽर, टीव्ही, कूलर, मिक्सर' असं ओरडायचं असतं. माझ्या तोंडून आवाजच निघायचा नाही. मोठीमाय हसायची. "आवाज आहे का बकरीनं शिंकलं? असं ओरडशील तं लोक चारा आनून देतील." माझ्या बोलण्यालाही हसायची. मी 'काय करायलीस' म्हटलं की ती वाकुल्या दाखवत 'करायलीस, बोलायलीस' म्हणायची. पुढं मोहल्ल्यातली पोरंसुद्धा मला पाहून 'करायली आली' म्हणू लागली. राग यायचा, पण त्या दिवसांत कुणी नावानं हाक मारतंय एवढंही पुष्कळ होतं.

तो काळ आमच्या धंद्याला बरा होता. घराघरांत चपटे टीव्ही येऊ लागले होते, आणि जाडे, पोट सुटलेले टीव्ही जिन्याखाली पडून होते. एका बंगल्यातली बाई म्हणाली, "घेऊन जा, पण आत येऊ नको, फरशी पुसलीय आत्ताच." मग तिचा मुलगा तो टीव्ही पायानं सरकवत सरकवत उंबऱ्यापर्यंत घेऊन आला आणि मी बाहेरून ओढला. त्याच टीव्हीपुढं ते सगळे वर्षानुवर्षं बसले असतील. कचरा द्यावा तसा तोंड फिरवून देत होते. पाणी मागितलं तर बागेतल्या नळाकडं बोट. मी नळाला तोंड लावायची आणि मोठीमाय पाठीमागून म्हणायची, "पी, पी. पानी त्याइच्या बापाचं नाई."

काम तिनं मला हाताला धरून शिकवलं. टीव्हीची मागची बाजू काढायची, ओलं पोतं गुंडाळायचं, आणि आतल्या काचेच्या नळीच्या मानेचं बारीक टोक आधी पकडीनं मोडायचं, म्हणजे 'फुस्स' करून हवा आत जाते. तसं न करता हातोडा घातला तर काच फुटून डोळ्यात जाते. मग मानेवरची तांब्याची गुंडाळी काढायची. स्टॅबिलायझर, पंख्याची मोटर, मिक्सर, सगळ्यांच्या पोटात तार असते. बाकीच्या बायका तळ्याच्या काठी तारा जाळायच्या, वरचं प्लास्टिक पटकन जळून जातं म्हणून. मोठीमायनं कधी जाळलं नाही. "जळकं तांबं कारं पडते, आनि माह्या छातीत धूर भरते," म्हणायची आणि दुपारभर ब्लेडनं तार सोलत बसायची. तिच्या अंगठ्याच्या पेरावर चिरांची जाळी झाली होती.

आणि एक गोष्ट तिनं मला दहादा सांगितली असेल. काही मोटरींची तार बाहेरून तांब्यासारखी लाल दिसते, पण तो रंग असतो. आतून ती जर्मन निघते. आमच्या धंद्यात ॲल्युमिनियमला जर्मनच म्हणतात, भाव तांब्याच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणून प्रत्येक वेटोळं ब्लेडनं खरवडून बघायचं. आतून लाल ते तांबं, आतून पांढरं ते जर्मन. "खरवडल्याबिगर तांबं म्हनू नोको," ती म्हणायची.

आता गोदामाचं. रेल्वे लाइनीच्या पलीकडं एका सेठचं गोदाम होतं, सगळ्या भंगारवाल्या बाया तिथंच माल घालायच्या. तिथली रीत अशी की काटेवाला प्रत्येकीचं पोतं फरशीवर उलटं करायचा, पायानं पसरायचा, लोखंड, जर्मन, तांबं चाळायचा आणि मग वजन. चाळून झालं की आपणच वाकून सगळं परत गोळा करायचं. सगळ्या रांगेसमोर. मोठीमाय एकटीच अशी होती, जिचं पोतं कधी उलटं झालं नाही. ती म्हणायची, "यात तांबं," की काटेवाला तसंच बंद पोतं काट्यावर ठेवायचा. तीस वर्षांत तिचा शब्द खोटा निघाला नव्हता. ती पोत्याचं तोंड जुन्या लुगड्याच्या काठानं बांधायची, ती गाठ गोदामात सगळे ओळखत होते. रांगेतल्या बायका तिला चिडवायच्या, "सेठची सासूच आहे बाप्पा!" ती म्हणायची, "सासू असती तं त्याले आंघोळ कराले लावली असती."

मला काटेवाला ओळखत नव्हता. बाहेरची बाई, बोलणं वेगळं, म्हणून माझं पोतं जरा जास्तच उलटं व्हायचं. एकदा मोठीमायनं माझ्या तांब्याचं गाठोडं आपल्या पोत्यात टाकलं आणि बंदच काट्यावर चढवलं. मग तो नियमच झाला. तिच्या गाठीखाली माझा माल जाऊ लागला.

साल दीड साल असं गेलं. नवऱ्याचा पाय नीट जुळला नव्हता. ऑपरेशन करायचं ठरलं, त्यासाठी मी डब्यात थोडंथोडं ठेवत होते. तेव्हा बाजारातला एक कूलर-पंखे दुरुस्त करणारा दुकान बंद करत होता. त्यानं जुन्या मोटरींच्या गुंडाळ्यांचं पोतं मला दाखवलं. "सब तांबा है बाई, वजन से ले जाओ." मी वरच्या चार-पाच गुंडाळ्या खरवडल्या. लाल. डब्यातलं होतं तेवढं सगळं त्याला दिलं. एका फेरीत ऑपरेशनचा खर्च निघेल, असं डोक्यात बसलं होतं. पोतं घरी आणलं, नवऱ्याला दाखवलं, तो पण खूश. खालचं काही खरवडलं नाही. इतकं सगळं खरवडायला दोन दिवस गेले असते, आणि डॉक्टरांनी परवाची तारीख दिली होती.

दुसऱ्या दिवशी मोठीमायनं पोत्यात हात घालून पाहिलं. "सप्पा खरवडलं का वो?" सप्पा म्हणजे सगळं.

मी म्हणाले, "हो."

तिनं आणखी विचारलं नाही. लुगड्याचा काठ काढला आणि गाठ मारली.

बंद पोतं तांब्याच्या भावानं गेलं, पैसे आले, ऑपरेशन झालं. आठ-दहा दिवसांनी आम्ही दोघी माल घेऊन गोदामात गेलो. मोठीमाय पुढं, मध्ये दोन बायका, मग मी. सेठ खुर्चीवरून उठून स्वतः काट्यापाशी आला होता. एरवी तो उठत नसे. त्याच्या पायाशी एक पोतं होतं, लुगड्याच्या काठाची गाठ अजून लोंबत होती. त्यानं ते उचलून उलटं केलं. गुंडाळ्या फरशीवर पसरल्या. कुणीतरी ब्लेडनं खरवडलेल्या होत्या, पांढऱ्याफटक.

"ये क्या है मौसी? नागपूर से माल वापस आया. मेरी नाक कट गई. ये तांबा है?"

मोठीमाय खाली बसली. एक गुंडाळी उचलली, डोळ्यांजवळ नेली, मग दुसरी. तिला एका क्षणात कळलं असणार. तिनं मान वळवून मागं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी कदाचित बोलले असते, असं मी स्वतःला सांगत आले आहे. ते खरं नाही. नवरा टाके घालून खाटेवर होता. मला गोदामातून काढलं तर दुसरं गोदाम कुठं, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. मी रांगेतच उभी राहिले.

"माहंच आहे सेठ," ती म्हणाली. "डोरे गेले माहे. दिसत नाई आता."

"डोरे गये तो घर बैठो."

"घरी बसून काय खाऊ? उलटं करत जा आजपासून."

रांगेतून कोणीतरी हसलं. काटेवाल्यानं त्याच क्षणी तिच्याजवळचं नवं पोतं घेतलं आणि फरशीवर ओतलं, पायानं पसरलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. मग ती वाकून एकएक तुकडा गोळा करू लागली. गुडघे दुखायचे तिचे, एक हात जमिनीवर टेकून वेचत होती. मी पुढं होऊन मदतसुद्धा केली नाही. मदत केली तर तो माल माझा होता हे ओळखतील, असं वाटलं.

तो पांढरा जर्मन सेठनं परत दिला नाही. दंड म्हणून ठेवून घेतला, आणि मागाहून जर्मनच्या भावानं विकलाही असेल. आमची पोती उलटी होत होती, पण त्याच्या काट्याखाली काय आहे ते कधी कुणी उलटं करून पाहिलं नाही. त्या दुरुस्तीवाल्याकडंही मी गेले. तो दुकानातलं शेवटचं सामान हातगाडीवर चढवत होता. म्हणाला, "बाई, कबाड लिया, कबाड मिला. शिकायत किस बात की?" आणि हातगाडीवाल्याकडं पाहून हसला.

संध्याकाळी मी मोठीमायच्या दारात गेले. ती तांदूळ निवडत होती. मी तिच्या पायावर पडणार, तेवढ्यात म्हणाली, "नाटक नोको करू. बस." बसले. ती तांदूळ निवडतच राहिली.

"तुले काढलं असतं त्यानं. मले नाई काढत. माह्यासारखी सोललेली तार त्याले कुठं मिळते?"

"पण तुझं पोतं..."

"पोतंच उलटं झालं, मी नाई झाली," ती म्हणाली. मग तांदळातला खडा उचलून बाहेर फेकला. "तू 'हो' म्हनली ना, ते लागलं मले. जर्मनचं काई नाई."

यापेक्षा तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर ती माझं गाठोडं आपल्या पोत्यात घेईना. गोदामातल्या बायका रोज टोमणे मारायच्या, "काऊन वो मोठीमाय, सासूचंबी उलटं?" ती हसून घालवायची, पण आधीसारखं उत्तर द्यायची नाही. कधीकधी नुसतं, "डोरे गेले ना," एवढंच. तिचे डोळे ठणठणीत होते. दुपारी केसाएवढी तार सोलताना मी ते रोज पाहत होते. पण एकदा सांगितलेलं खोटं टिकवण्यासाठी ती आता गोदामात शिरताना भिंतीला हात लावून चालू लागली होती. माझ्यासाठी. वर्षभर मी तिच्यामागून चालले आणि वर्षभर गप्प राहिले.

मग नवऱ्याला रायपूरजवळ एका कारखान्यात गेटवर बसायचं काम मिळालं. आम्ही निघालो. गाडी सालेकसा, दरेकसा करत जंगलातून गेली. नवरा खिडकीतून डोंगर दाखवत होता. मी काही पाहिलं नाही. निघायच्या दिवशी मोठीमाय स्टेशनवर आली नव्हती. गोदामात मालाचा दिवस होता, ती रांगेत उभी असणार.

आज इथंही मी परकीच आहे. परभणी लांब, गोंदिया मात्र गाडीनं चार तासांवर. चार तास म्हणजे काहीच नाही, पण इतक्या वर्षांत मी गेले नाही. इथं पोरगी झाली; कधी तिची परीक्षा, कधी नवऱ्याची ड्यूटी. खरं कारण भीती. ती असेल की नसेल, आणि असली तर माझ्याकडं कशी पाहील, याची.

तरी जाणार आहे, मोठीमाय. पोरीच्या शाळेला सुट्टी लागली की, या उन्हाळ्यात नाहीतर पुढच्या. मालाच्या दिवशीच येईन, बाया रांगेत असताना. सेठ असो की त्याचा पोरगा असो, त्याच्या काट्यापाशी उभी राहून मोठ्यानं सांगेन की ते जर्मन माझं होतं, मी न खरवडता 'हो' म्हणाले होते, आणि या बाईचे डोळे कधीच गेले नव्हते. या वेळी आवाज निघेल माझा. आणि त्यानंतर तू म्हणशील तर तुला माझ्या घरी घेऊन येईन, नाही म्हणशील तर तुझ्या मोहल्ल्यातच राहून तुझं पोतं उचलेन. हे तुझं माझ्याकडं राहिलंय, आणि मी ते फेडणार आहे.