फुकट लिहिलेला अर्ज

चामोर्शीच्या तहसीलसमोर तो अर्ज लिहून देतो. आधी पैसे, मगच कागद. बोलताना समोरच्याकडे बघत नाही, पेनाचं टोपण कानात फिरवत राहतो.

मी शाळेत खिचडी शिजवते. मानधन थकलं आणि आम्हा पाच जणींच्या गटकर्जातले माझे हप्ते राहिले. दिवाळखोरीचा अर्ज कोर्टात दिला की सुटका होते, असं ऐकून मी त्याच्याकडे गेले.

टोपण कानातच थांबलं. “कोर्टात नका जाऊ, बाई. तुमी सुटसान, पण तुमचा हप्ता बाकीच्या चौघींले भरा लागन. कर्जवाल्या साहेबाले मुदत मांगा.”

बोलणं बरोबर होतं. त्या चौघींत माझी जाऊही होती. त्याने लगेच मुदतीचा अर्ज लिहिला. मी वीस रुपये काढले, तर म्हणाला, “राहू द्या.”

रेशनच्या अर्जाचे पैसे त्याने माझ्या म्हाताऱ्या सासूलाही सोडले नव्हते. वाटेत मी तो अर्ज तीनदा वाचला. चूक सापडली नाही.

कर्जाच्या ऑफिसात मी अजून पिशवीची चेनही उघडली नव्हती. साहेब हसले. “मुदत पाह्यजे ना? बरं झालं, कोर्टात नाई गेल्या ते.”

कोर्टाचं मी घरीसुद्धा बोलले नव्हते.