पुस्तकांना हात

ज्ञानाला जात नसते. आमच्या अभियांत्रिकी ग्रंथालयाच्या दारावर हे तमिळमध्ये आणि इंग्रजीत सोनेरी अक्षरांत लिहिलेलं आहे. मराठीत नाही. मराठीचा उपयोग आत होतो.

तंजावूरच्या या विद्यापीठात घरी मराठी बोलणारे आम्ही दोघंच. ग्रंथपाल रावसर आणि मी. त्यांचे पूर्वज इथल्या मराठा राजांच्या दरबारात दफ्तर सांभाळायचे. माझे पागेत होते. हे मला त्यांनीच पहिल्या दिवशी, आडनाव ऐकल्यावर सांगितलं. ग्रंथालयशास्त्रातली माझी पदवी त्यांनी विचारली नाही.

चार वर्षं नवी आवक मीच उघडते. शिक्का, दाखल क्रमांक, पाठीवरचं लेबल. दर महिन्याला ग्रंथालयाच्या वेबपानावर नव्या पुस्तकांची बातमी मीच लिहिते. खाली नाव त्यांचं. माझा करार वर्षावर्षाने वाढतो. त्यावर सही त्यांची.

लोकांसमोर मी 'मॅडम'. इंग्रजीत. पण काही वर्मी लागेल असं बोलायचं असलं की ते जवळ येतात, हसतात आणि मराठी काढतात. "तुझा डबा मोठ्या टेबलावर नको गे ठेवूस." लांबून पाहणाऱ्याला वाटावं, घरची ख्यालीखुशाली चाललीय. मीही हसायची. डबा उचलायची. मला आज लाज वाटते ती डब्याची नाही, त्या हसण्याची.

सरस्वतीपूजेच्या सुट्टीचा आदला दिवस. नवी साधनं पूजेला मांडायची होती, डीन यायचे होते. विद्युत वाहनांवरची, काँक्रीटवरची नवी पुस्तकं. शिवाय एक ऑनलाइन संग्रह. त्याला गंध कुठे लावायचं यावर बरीच चर्चा झाली. शेवटी मॉनिटरला लावलं. तो बंद होता.

मी नव्या पुस्तकांची थप्पी उचलली. सर जवळ आले. हसले.

"राहूं दे गे. पूजेचीं पुस्तकें आहेत. लीद काढणाऱ्यांचे हात नकोत त्यांस."

सगळ्यात वरच्या पुस्तकाच्या लेबलावर माझं अक्षर होतं. ते मी वाचलं. या वेळी हसू आलं नाही.

मी वळले. तमिळमध्ये, काउंटरवरच्या मुलांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सर म्हणतात, माझे पूर्वज घोड्यांची लीद काढायचे, म्हणून पूजेच्या पुस्तकांना मी हात लावायचा नाही. ते मराठीत म्हणाले. तुम्हाला कळलं नसेल, म्हणून सांगते."

शिपाई मुरुगेशन झेंडूची माळ धरून उभा होता. तो म्हणाला, "अक्का, मग वर्षभर पुस्तकांना कोणाचे हात लागतात?"

सरांचा चेहरा उतरला. तरी मराठीतच म्हणाले, "घरचें बोलणें बाहेर कशास काढतेस गे?"

मी तमिळमध्येच उत्तर दिलं. "आपलं घर एक नाही, सर. असतं तर डबे एका टेबलावर असते."

थप्पी खाली ठेवली नाही. काउंटरवर नेली आणि रांगेतल्या मुलांना एकेक पुस्तक देऊन टाकलं. आजच न्या. आजच वाचा. पूजेला ठेवलेलं पुस्तक विजयादशमीपर्यंत कोणी उघडत नाही, एवढं मलाही ठाऊक होतं.

डीनची गाडी आली. सरांनी घाईघाईने मागची दुसरी ट्रॉली ओढली. तिच्यावर जाड, कापडी बांधणीचे ग्रंथ. पाठीवर सोनेरी अक्षरं. फोटोत शोभतील असे. स्वतःच्या हातांनी रचले, गंध लावलं, कुंकू लावलं. मला कोणी काही विचारलं नाही. हात लावू नकोस म्हणाले होते. बोट दाखवणंही त्यातच येतं, असं मी धरलं.

सुट्टी संपल्यावर सर म्हणाले, "बातमी लिही. नव्या साधनांची पूजा झाली म्हणून."

लिहिली. पूजेतल्या प्रत्येक ग्रंथाचं नाव, दाखल क्रमांक, स्थिती. खाली नाव माझं. यापुढेही माझंच असेल. डबा मोठ्या टेबलावर आहे, तिथेच राहील. ते मराठीत जे जे म्हणतील ते मी तमिळमध्ये, मोठ्याने, शब्दाला शब्द सांगणार. करार वाढला नाही तर तेही सांगणार, कारणासकट. करार अजून त्यांच्या टेबलावर आहे.

बातमीतल्या यादीत सगळ्या ग्रंथांची स्थिती एकच आहे. डीननी हार घातला त्या प्रत्येक ग्रंथात, पहिल्या पानावर, मी महिनाभरापूर्वी मारलेला शिक्का होता. 'रद्द.' त्या दिवशी पूजेतलं एकही पुस्तक कोणी उघडलं नव्हतं.

मंगळवारी रद्दीवाला आला. कुंकवासकट घेऊन गेला.