चाळीस इंची दार

मिस्त्रींना कुणी काम सांगितल्याला सहा वर्षं झाली होती. हात थरथरायला लागले, मालक म्हणाला आता आराम करा, आणि सुतारकामाच्या हत्यारांची पेटी माळ्यावर गेली. तेव्हापासून हा माणूस आपल्या खोलीत पलंगावर बसून होता आणि घरातली मंडळी त्याला वेळेवर जेवायला वाढून उपकार करत होती. म्हणून एका सकाळी मुलगा कागद घेऊन आला, तेव्हा मिस्त्रींच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

“बाबा, माझ्या एका मित्राला घरात गेम रूम करायचीय. डार्ट, टीव्हीवरचे खेळ आणि एका भिंतीला छोटासा बार. प्लॅन काढून द्याल? तुमच्यासारखं कुणाला जमणार!”

हरभऱ्याच्या झाडावर चढायला मिस्त्रींना एवढं पुरलं. दारूचा थेंब कधी तोंडाला लावला नव्हता, पण बार तीन बांधले होते.

“काउंटर बेचाळीस इंच, त्याच्यावर एक सूत नाही,” ते म्हणाले. “फ्रिज खाली घ्यायचा, पण मागे हवेला चार बोटं जागा सोडायची. आणि सिंक तिथेच हवं. ग्लास धुवायला बाथरूम गाठायला लागलं तर तो कसला बार?”

सून दारात उभी राहून कौतुकाने ऐकत होती. एरवी ती या खोलीकडे फिरकत नसे.

आठ दिवस मिस्त्री कागदावर वाकून होते. डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरायचे आणि रेघ मारायचे. भिंतींची मापं मुलाने दिली होती. ती ओळखू यायचं कारण नव्हतं. भिंती गवंड्याच्या, मिस्त्रींच्या नव्हेत. नवव्या दिवशी गाडं अडलं.

“अरे, दार कुठे आहे? केवढं आहे?”

“उजव्या भिंतीला,” मुलगा मोबाइलवरची नजर न काढता म्हणाला. “चाळीस इंच.”

मिस्त्रींनी चाळीस लिहिलं आणि पेन्सिल थांबली. खोलीला चाळीस इंची दार कुणी लावत नाही. बत्तीस, फार तर छत्तीस. चाळीसचं त्यांनी जन्मात एकच लावलं होतं. बायकोचं अर्धं अंग गेलं तेव्हा तिची चाकाची खुर्ची चौकटीला न घासता आत यावी म्हणून जुनी चौकट स्वतःच्या हातांनी फोडली होती. चार वर्षं ती त्या दारातून आतबाहेर फिरली आणि शेवटी तिला त्यातूनच नेलं. ते दार आत्ता समोर होतं, आणि त्यात मुलगा उभा होता.

“ही माझी खोली आहे.”

मुलगा ओशाळला असता तरी पुष्कळ होतं. त्याला उलट हायसं वाटलं. “बरं झालं बाबा, तुमचं तुम्हालाच कळलं. कसं सांगायचं तेच सुचत नव्हतं.”

“आणि तो मित्र?”

“मित्र येतीलच की.”

सुनेने सावरून घेतलं. “दुसऱ्या कुठल्याच दारातून मोठा सोफा आत जात नाही हो. आईंनी जाता जाता आपली सोय करून ठेवली बघा.” हे ती मनापासून, गोड आवाजात बोलली.

“मी कुठे जाऊ?”

“जाताय कशाला? बाल्कनी बंद करून देतो. काचा लावू. तिचाही प्लॅन तुम्हीच काढा.”

ओरडावं, कागद फाडावा, असं सगळं मनात आलं. पण घर मुलाच्या नावावर होतं, आणि या वयात ओरडून जायचं कुठे? मिस्त्रींनी कागद उलटा केला. बाल्कनी मोजायला उठायची गरज नव्हती. तिथलं कपाट त्यांनीच केलेलं होतं.

“पलंग सहा फुटी आहे,” ते हळूच म्हणाले. “बाल्कनी पाच फूट दोन इंच.”

त्यांना वाटलं, आता तरी हा विषय बंद होईल. मुलगा खरंच विचारात पडला.

“मग दहा इंच कापा ना,” सून म्हणाली. “नाहीतरी तुम्ही झोपेत पाय पोटाशीच घेता.”

“करेक्ट,” मुलगा म्हणाला.

मिस्त्री पलंगावरून उतरले. पायथ्यापासून दहा इंच मोजून त्यांनी लाकडावर पेन्सिलने रेघ मारली, आणि मुलाला करवत खाली काढायला सांगितली.